कोण कोणाला हसते : विनोदकारांच्या तत्त्वचर्चेविषयी

विनोदकारांनी ध्वनिक्षेपकासमोर बसून मृत्यू, काळ, इच्छास्वातंत्र्य अशा विषयांवर तासन्‌तास बोलावे आणि लक्षावधी श्रोत्यांनी ते कानांत साठवावे, ही गेल्या वीस वर्षांत रूढ झालेली गोष्ट आहे. पॉडकास्ट ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ह्या प्रकाराकडे वाङ्मयाच्या अभ्यासकांचे लक्ष वळले, की जी संज्ञा सर्वांत आधी पुढे सरसावते ती बाख्तिनची : कार्निव्हल. तत्त्वज्ञान विद्यापीठाच्या भिंतींबाहेर आले, हास्याने ज्ञानाची उतरंड मोडली, विद्वान आणि विदूषक एका पातळीवर बसले, असे ते प्रतिपादन असते. प्रस्तुत लेखकाला ते मुळीच मान्य नाही. हास्य ऐकू आले की उतरंड मोडली असे समजणे म्हणजे बँड वाजला की वरात निघाली असे समजण्यासारखे आहे. घरपट्टीच्या थकबाकीदाराच्या दारातही महापालिका बँड वाजवते.

ह्या प्रकाराच्या आरंभकाळातील, सर्वाधिक गाजलेल्या मालिकांपैकी एक येथे विचारात घेऊ. रिकी जर्व्हेस, स्टीफन मर्चंट आणि कार्ल पिल्किंग्टन ह्या तिघांच्या गप्पा ‘द गार्डियन’ ह्या वृत्तपत्राच्या संकेतस्थळावरून डिसेंबर २००५ पासून प्रसृत होऊ लागल्या. पहिल्या महिन्यात प्रत्येक भाग सरासरी अडीच लाखांहून अधिक वेळा उतरवून घेतला गेल्याची नोंद गिनीजच्या विक्रमग्रंथाने केली. पुढे २००९ साली ‘तत्त्वज्ञान’ हाच विषय घेऊन एक स्वतंत्र ध्वनिमुद्रण निघाले, आणि २०१० साली एचबीओ वाहिनीने ह्या गप्पांना चलच्चित्रांची जोड दिली. तिघांच्या बैठकीची मांडणी ध्यानात घेण्याजोगी आहे. जर्व्हेस लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकलेला. मर्चंटने वॉरिक विद्यापीठात चित्रपट आणि साहित्य ह्यांचा अभ्यास केलेला. पिल्किंग्टन मँचेस्टरचा, एक्सएफएम ह्या नभोवाणी केंद्रावर ह्या दोघांच्या कार्यक्रमाचा निर्माता. विद्यापीठीय शिक्षण त्याच्यापाशी नाही. प्रश्न बहुधा हा तिसरा विचारतो आणि हसतात ते पहिले दोघे.

मालिका विनोदी नाही, असा आमचा आक्षेप नाही. ती कमालीची विनोदी आहे. आक्षेप आहे तो त्या विनोदाला मुक्तिदायक ठरविण्याच्या घाईला.

अनंत माकडांना टंकयंत्रे आणि अनंत काळ दिला तर त्यांच्या हातून शेक्सपिअरचे समग्र वाङ्मय टंकलिखित होईल, ही एमिल बोरेलच्या १९१३ सालच्या प्रतिमेतून रूढ झालेली कल्पना जर्व्हेस पिल्किंग्टनला समजावून सांगतो. पिल्किंग्टनची शंका अशी, की त्या माकडांनी शेक्सपिअर वाचला आहे का? ह्यावर जर्व्हेसचे ते सुप्रसिद्ध हसणे येते, किंकाळीच्या जवळ जाणारे, बोलणाऱ्याचा पुढचा शब्द गिळून टाकणारे. (२००२ साली इंग्लंडमधील पेन्टन येथील प्राणिसंग्रहालयात सहा माकडांसमोर खरोखरच एक संगणक ठेवण्यात आला होता. पाच पाने निघाली आणि त्यांत मुख्यतः एस हे अक्षर होते. पण तो मुद्दा वेगळा.)

गणित म्हणून जर्व्हेसचे म्हणणे निर्दोष आहे. प्रश्न मात्र गणिताचा नव्हता. अक्षरांचा विशिष्ट क्रम कधीतरी घडून येईल, एवढेच संभाव्यताशास्त्र सांगते. तो क्रम म्हणजे ‘हॅम्लेट’ असे म्हणण्यासाठी आणखी काही लागते का, हा प्रश्न त्याच्या कक्षेबाहेरचा आहे. पिल्किंग्टनने, त्याला जाणीव असो वा नसो, नेमके तेच विचारले. बोर्हेसच्या पिएर मेनारने १९३९ साली हाच पेच उभा केला : सेर्व्हान्तेसचीच वाक्ये, शब्दाला शब्द तीच, दुसऱ्या काळी दुसऱ्या माणसाने लिहिली तर कृती तीच राहते काय? १९८२ साली स्टीव्हन नॅप आणि वॉल्टर बेन मायकल्स ह्यांनी वाळूवर लाटांनी उमटवलेल्या कवितेचा दाखला घेऊन असे प्रतिपादले, की लिहिणाराच नसेल तर त्या आकृतींना भाषा म्हणता येणार नाही. त्या केवळ भाषेसारख्या दिसतात. ह्या मताशी कोणी सहमत व्हावे अशी सक्ती नाही. लेखकाच्या मृत्यूची द्वाही फिरवणारे सहमत होणारही नाहीत. पण अमेरिकेतील विद्वत्पत्रिकेत जो वाद गंभीर ठरतो, तोच मँचेस्टरच्या बोलीत, वेड्यावाकड्या वाक्यरचनेत आला की हशाला पात्र ठरतो. मेंदू आपल्याला चालवतो की आपण मेंदूला, ह्या त्याच्या दुसऱ्या शंकेचीही तीच गत. बेंजामिन लिबेटच्या १९८३ सालच्या प्रयोगांपासून ह्याच शंकेवर ग्रंथ रचले जात आहेत.

प्लेटोच्या ‘थिएटिटस’मध्ये एक आख्यायिका आहे. ताऱ्यांकडे पाहत चाललेला थेलीज विहिरीत पडतो आणि थ्रेसची एक दासी त्याला हसते. पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाने आपल्याविषयीचे हे हास्य जपून ठेवले. हान्स ब्लूमेनबर्गने १९८७ साली त्यावर अख्खे पुस्तक लिहिले. आपल्या मालिकेत ही आख्यायिका उलटी झाली आहे. दासी विहिरीत आहे आणि थेलीज काठावर उभा राहून हसतो आहे. ह्याला कार्निव्हल म्हणणाऱ्यांनी बाख्तिनचा राब्लेवरील ग्रंथ पुन्हा उघडावा. तेथे हास्य सर्वांवर असते, हसणाऱ्यावरही असते. नट आणि प्रेक्षक असा भेदच तेथे नसतो. मराठी वाचकाला तर रशियापर्यंत जाण्याचेही कारण नाही. कोल्हटकरांच्या सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या ह्या त्रिकुटात सांगणारा सुदामा हा स्वतःच हास्याचा धनी आहे. काठावर कोरडा उभा असा तेथे कोणीच नाही.

पिल्किंग्टनचे भाबडेपण हे घेतलेले सोंग आहे, त्यावर तो नावारूपाला आला, मग तक्रार कोणाची, असे विचारले जाईल. सोंग असेलही. वगातला सोंगाड्याही सोंगच घेतो. पण त्याच्या तिरप्या प्रश्नांनी राजा हास्यास्पद होतो, प्रधान हास्यास्पद होतो. येथे सोंगाने प्रश्नकर्त्यालाच हशाच्या स्वाधीन केले आहे. २०१० साली स्काय वाहिनीने त्याला जगभर हिंडवले त्या मालिकेच्या नावातच तो ‘ईडियट’ होता. नटाला मानधन मिळाले म्हणून नाटकातील सत्तासंबंध बदलत नाहीत.

हे सारे इंग्लंडमधील करमणुकीपुरते असते, तर एवढी शाई खर्ची घालण्याचे कारण नव्हते. परंतु ह्या हास्याला मुक्तीचे नाव देणारे आपण बहुतेक जण अध्यापक आहोत आणि ते हसणे आपल्या परिचयाचे आहे. एम. ए.च्या वर्गात ज्ञानेश्वरीविषयी चर्चा चालू असते. मागच्या बाकावरून एखादा मुलगा विचारतो, की माउली नेवाशाला सांगत होते आणि सच्चिदानंदबाबा लिहून घेत होते, तर मध्येच एखादा शब्द बाबांना ऐकूच आला नसेल तर काय? वर्ग हसतो. अध्यापकही हसतात, घड्याळाकडे पाहतात आणि पुढच्या ओवीकडे वळतात. मौखिक कथन आणि लिखित संहिता ह्यांच्यात काय निसटते, कोणता पाठ कोणाचा, हे पाठचिकित्सेचे मूळ दुखणे त्या मुलाने एका वाक्यात सांगितलेले असते. त्या प्रश्नाला हसून पुढे जाता आले नाही म्हणूनच एकनाथांना शके १५०६ मध्ये निरनिराळ्या प्रती समोर घेऊन ज्ञानेश्वरी शुद्ध करावी लागली.