पान पिवळं पडलं की खत?

पाऊस सुरू झाला की आमच्या नातेवाईकांचे फोटो यायला लागतात. लग्नामुंजीचे नव्हेत, जास्वंदीच्या पिवळ्या पानांचे! खाली ठरलेला प्रश्न: "कुठलं खत घालू?" माझं ठाम मत आहे की हा प्रश्न पहिला नाहीच.

मंडळी, आधी कुठलं पान पिवळं झालंय ते बघा. खालची जुनी पानं सबंध पिवळी पडत असतील तर बहुधा नत्र कमी पडतंय. झाड जुन्या पानांतलं नत्र काढून कोवळ्या पानांना देतं. (घरोघरी हेच चालतं म्हणा!) जुनंच पान, पण शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, तर संशय मॅग्नेशियमवर. लोह मात्र जिथे बसलं तिथून हलत नाही. ते कमी पडलं तर शेंड्याची नवी पानं पिवळी पडतात, नुसती शिरांची जाळी हिरवी राहते.

खरी मेख पुढेच आहे. पानात लोह नाही म्हणजे मातीत नाही, असं नव्हे. नर्सरीतली लाल माती लाल असते तीच मुळी लोहामुळे! पण बोअरचं जड पाणी वर्षानुवर्षं घातलं की मातीचा सामू चढतो आणि साडेसातच्या पुढे ते लोह मुळांना घेता येईनासं होतं. वरून हिराकस घातला तरी थोड्या दिवसांत त्याचीही तीच गत.

आणि आपल्या देहूरोडचा पाऊस! कुंडीखाली ताटली, तळाचं भोक बुजलेलं, आत नर्सरीच्या पिशवीतला विटेसारखा गोळा तसाच. मुळांना हवा मिळाली नाही की ती कुजतात, मग भरल्या ताटावर बसूनही झाड उपाशी.

आत्याच्या गॅलरीतल्या मोगर्‍याचं असंच झालं. आजीच्या घरच्या मोगर्‍याची फांदी ती. आता ते घरही नाही आणि तो मोगराही नाही, म्हणून आत्याचा जीव वरखाली. महिन्याभरात तीन प्रकारची खतं घालून झाली. पानांचे शेंडे करपले, कुंडीच्या काठावर पांढरा थर आला. तो थर म्हणजे साठलेले क्षार. भोक मोकळं केलं, उघडीप बघून चार-पाच वेळा भरपूर साधं पाणी घालून ते निथळू दिलं आणि खत पूर्ण बंद. दोन महिन्यांनी नवी पालवी आली. तोपर्यंत आत्या रोज फोनवर, "अरे, थोडं तरी काही घालू का?"

लोकलने तिसरं स्टेशन तळेगाव. तिथल्या पॉलिहाऊसमध्ये गुलाब पिकवणारे लोक पाण्याचा सामू आणि क्षार मोजून मग खत सोडतात. शेताला २०१५ पासून मृदा आरोग्य पत्रिका मिळते, तीत १२ गोष्टी तपासलेल्या असतात. कुंडीला कोण पत्रिका देणार? आपलंच बोट दोन पेरं मातीत खुपसायचं. ओल लागली तर पाणी नको. तरीही शंका असेल तर कुंडी आडवी करून मुळं बघायची. पांढरी, टणक असतील तर खताचा विचार करू. तपकिरी, लिबलिबीत आणि वास मारणारी असतील तर कुजका भाग कापा, माती बदला. नव्या मातीत शेणखताबरोबर भाताचं तूस मिसळा, मावळात राहून त्याला तोटा नाही.

यापुढे फोटो पाठवाल तर मुळांचाही पाठवा. आणि हो, ताटल्या आजच काढा.