शेखावाटीला पाऊण तास पुरत नाही

संपादक महोदय,



आपल्या रविवारच्या पर्यटन पुरवणीत राजस्थान सहलीवर लेख आहे. जयपूरहून बिकानेरला जाताना ‘वाटेत मंडावा उरकून घ्यावे, एक रंगीत हवेली पाहिली की बाकीच्या पाहिल्यासारख्याच’, असा सल्ला त्यात दिला आहे. मी शाळेत तीस वर्षे चित्रकला शिकवली. हा सल्ला चुकीचा आहेच, शिवाय त्याने त्या गावांचे नुकसान होते, म्हणून हे पत्र.

मंडावा ज्या भागात आहे, त्या राजस्थानातल्या शेखावाटीत मी दोनदा गेले. पहिल्या वेळी मोठी बस होती. मंडाव्यात भर दुपारी पाऊण तास मिळाला, त्यातला अर्धा चहात गेला. उन्हात भिंती पांढुरक्या दिसत होत्या. एका दारात सगळ्यांचे फोटो झाले आणि बस सुटली. दुसऱ्या वेळी आम्ही अकराजणी चार दिवसांसाठी गेलो. मुक्काम नवलगडला ठेवला आणि तिथून मंडावा, फतेहपूर, रामगड, महनसर असे फिरलो. सकाळी सातच्या तिरप्या उन्हात याच भिंतींवरचा गेरू आणि निळा रंग असा उठून दिसला, की आदल्या खेपेला आपण नेमके काय पाहिले, असा प्रश्न पडला.

ही चित्रे मुळात रस्त्यासाठी आहेत. इथले व्यापारी कोलकात्याला, मुंबईला गेले, तिथे पैसा कमावला आणि गावी हवेल्या बांधल्या. माटुंग्याच्या पोदार कॉलेजचे पोदार नवलगडचे. वर्ध्याला गांधीजींना घेऊन येणारे जमनालाल बजाज सीकरजवळच्या काशी का बासचे. या मंडळींनी चित्रे दिवाणखान्यापुरती ठेवली नाहीत, बाहेरच्या भिंतीही रंगवून घेतल्या. येणारा-जाणारा, उंटवाला, पाणी भरणारी बाई, सगळ्यांनी ती पाहावीत. अशी चित्रे पाहायची तर गल्लीतून पायी चालावे लागते. बसच्या खिडकीतून ती दिसत नाहीत.

ती रंगवणारे बहुतेक कुंभार समाजातले. त्यांना चेजारा म्हणत. भिंत बांधणारा आणि रंगवणारा हात एकच. चुन्याचा गिलावा ओला असतानाच रंग लावायचा, तो आत मुरला की अकीक दगडाने घोटायचा. गिलावा वाळायच्या आत चित्र पुरे व्हायला हवे, म्हणून एका वेळी झेपेल तेवढाच तुकडा लिंपायचा. खोडून पुन्हा काढण्याची सोय नाही. हे ज्याला कळते तो प्रत्येक रेघेपाशी थांबतो. आगगाडी न पाहिलेल्या चेजाऱ्याने ऐकीव माहितीवर काढलेली गाडी तर मी विसरूच शकत नाही: डबे म्हणजे ओळीने मांडलेल्या खोल्या. मंडाव्याच्या बन्सीधर नेवटिया हवेलीवर राइट बंधूंचे विमान आहे आणि थोड्याच अंतरावर टेलिफोन कानाला लावलेला मुलगा. दुसऱ्या गल्लीत कृष्ण आणि गोपी, किंवा राजस्थानी लोककथेतले, उंटावरून पळणारे ढोला-मारू.

आणि म्हणे सगळ्या सारख्याच! नवलगडच्या पोदार हवेलीत चित्रे नव्याने रंगवून ताजी केली आहेत, मोरारका हवेलीत जुनाच रंग जपण्यावर भर आहे. चालत काही मिनिटांच्या अंतरावर जतनाच्या दोन भूमिका समोरासमोर उभ्या आहेत. आम्ही त्यावर रात्री जेवणे होईपर्यंत वाद घातला. महनसरच्या ‘सोने की दुकान’ नावाच्या वास्तूत सोन्याचे काम आहे. फतेहपुरात नादीन ल प्रँस या फ्रेंच चित्रकर्तीने एक जुनी हवेली विकत घेऊन सावरली.

पर्यटक वाढले तर चित्रे खराब होतील, असा आक्षेप माझ्याच एका मैत्रिणीने घेतला. चाळीस माणसे एका चौकात एकदम शिरली, भिंतीला टेकून बसली, तर होतीलच. पण या हवेल्यांना खरा धोका रिकामेपणाचा आहे. मालक दूर शहरांत, वारस अनेक, घरात एक चौकीदार. खालून ओल आणि क्षार चढतात, रंगाचे पोपडे निघतात. कोरीव दारे-खिडक्या जुन्या वस्तूंच्या बाजारात जातात, मग वाडाच पाडून दुकाने होतात. आम्ही माणशी ठरलेले पैसे दिले तेव्हा चौकीदाराने वरच्या मजल्याचे कुलूप काढले. लोक बघायला येतात हे तो मालकाला फोनवर सांगतो, असेही म्हणाला. वाडा विकण्याआधी मालकाने दोनदा विचार करावा, तर असे फोन वरचेवर जायला हवेत. पाऊण तासाच्या थांब्याने एका गावातल्या दोन-तीन प्रसिद्ध दारांशी गर्दी होते आणि रामगडला कुणी फिरकत नाही.

ज्येष्ठांना चालणे झेपत नाही, हेही मी ऐकले आहे. आमच्यात सत्तरी ओलांडलेल्या तिघी होत्या. सकाळी दीड तास, संध्याकाळी दीड तास, मधे विश्रांती. कुणाला त्रास झाला नाही.

सहल कंपन्यांकडे माझी मागणी साधी आहे. शेखावाटीत किमान दोन रात्रींचा मुक्काम ठेवा, गट पंधराच्या आत असू द्या, गावागणिक तिथलाच वाटाड्या घ्या आणि हवेल्यांचे प्रवेशमूल्य सहलीच्या दरातच धरा. दर थोडा वाढेल. तो का वाढला हे पत्रकात लिहिले तर निदान मी तरी आनंदाने देईन.

आणि आपल्याला विनंती: या गावांवर पुरवणीत पुन्हा लिहून घ्यावे, मंडाव्याच्या पुढे जाऊन.

आपली,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका, सांगली