सेसिलचं बिल कोण भरणार?

डेंटिस्ट या जमातीबद्दल तसंही आपल्याला फारसं प्रेम नसतं. पण २०१५च्या जुलैत अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या एका डेंटिस्टच्या वाट्याला जे आलं, ते रूट कॅनलच्या पेशंटांच्या शिव्याशापांपलीकडचं होतं. क्लिनिकला टाळं. दारात सॉफ्ट टॉइजचा ढीग आणि ‘नरकात सड’ छापाचे बोर्ड. टीव्हीवर जिमी किमेलचा गळा दाटून आला. १ ऑगस्टला तर न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगवर सिंहाचा चेहरा झळकला.

सिंहाचं नाव सेसिल. वय १३, काळी आयाळ, मुक्काम झिम्बाब्वेचं ह्वांगे नॅशनल पार्क. गळ्यात ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी बसवलेली जीपीएस कॉलर. डेंटिस्टसाहेबांनी या शिकारीसाठी सुमारे ५० हजार डॉलर मोजले, असं तेव्हा छापून आलं. म्हणजे त्या वेळच्या भावानं तीस लाखांच्या वर. पार्कच्या हद्दीबाहेर आमिष ठेवलं, रात्री बाण मारला आणि जखमी सिंहाला दुसऱ्या दिवशी संपवलं. मधले कित्येक तास तो तसाच. हे वाचून ज्याला काहीच होत नाही, त्याच्याशी माझं जमणं कठीण आहे.

मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. आमच्या अख्ख्या ग्रुपनं ऑनलाइन पिटिशनवर सह्या ठोकल्या होत्या. आज समोर आली तर परत ठोकीन. भिंतीवर मुंडकं टांगायला जनावर मारणं हा मला शौक वाटत नाही, विकृती वाटते. हे एकदाचं बोलून मोकळी झाले.

आता गुडवेल न्झूबद्दल. झिम्बाब्वेच्या खेड्यातला, अमेरिकेत पीएचडी करणारा मुलगा. ऑगस्ट २०१५मध्ये त्यानं ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये एक लेख लिहिला. सिंह मेल्याचं कळल्यावर त्याला आधी चक्क आनंद झाला होता! चला, आपल्यासारख्या घरांच्या जिवाचा घोर तेवढाच कमी झाला. मग कळलं की जग सिंहासाठी रडतंय. तो नऊ वर्षांचा असताना गावाजवळ एक सिंह फिरू लागला होता. कोंबड्या गेल्या, शेळ्या गेल्या, शेवटी गाय गेली. पोरांचं बाहेर खेळणं बंद. बहिणींनी एकटीनं नदीवर पाण्याला, भांडी घासायला जाणं बंद. आई सरपणाला निघायची ती वडील आणि थोरले भाऊ कोयते, कुऱ्हाडी, भाले घेऊन सोबत आले तरच. एक दिवस तो सिंह मारला गेला आणि गाव नाचलं. कुणी मारला, परवाना होता की नव्हता, याच्याशी कुणालाच देणंघेणं नव्हतं.

ओळखीचं वाटतंय ना? २ नोव्हेंबर २०१८ला यवतमाळ जिल्ह्यात अवनी वाघिणीला गोळी घातली, तेव्हा शहरांत लोक फलक घेऊन उभे राहिले आणि तिकडे गावांत फटाके फुटले. १३ बळी तिच्या नावावर लावलेले होते. (ती ट्रॉफीसाठीची शिकार नव्हती, मान्य. पण रडणारे आणि नाचणारे यांच्यातलं अंतर तेच.)

मुद्दा असा, की आपल्या रागाला पैसे पडत नाहीत. सिंह जिवंत ठेवण्याचा खर्च ज्याची गाय जाते तो भरतो. झिम्बाब्वेत ‘कॅम्पफायर’ नावाची योजना १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून आहे. शिकारीतून येणाऱ्या पैशातला काही वाटा गावांना. त्यातला गावात नेमका किती झिरपतो यावर वाद आहेत, आणि योजनांचा पैसा कसा झिरपतो हे आपल्याला कुणी शिकवायला नको. तरी ज्यांना शिकार बंद हवी (मला हवी), त्यांनी त्याऐवजी पैसा कुठून येणार हेही बोलायला हवं. केनियानं १९७७मध्येच शिकार बंद केली, पर्यटन वाढवलं, तरी तिथले वन्यप्राणी घटतच गेले. टुरिस्टांची जीप काही प्रत्येक जंगलात जात नाही.

त्या सगळ्या गदारोळातली मला पटलेली एक गोष्ट म्हणजे किमेलनं ऑक्सफर्डच्या त्याच टीमला देणगी द्या म्हटलं आणि लोकांनी लाखो डॉलर दिले. बाकी काय? ऑक्टोबरमध्ये झिम्बाब्वे सरकारनं सांगून टाकलं, डेंटिस्टची कागदपत्रं व्यवस्थित होती, गुन्हा नाही. २०१७मध्ये सेसिलचा मुलगा झांडा तशाच शिकारीत गेला. त्याच्याही गळ्यात कॉलर होती. बातम्या आल्या, पण २०१५चा धुरळा काही उडाला नाही.

शेजारच्या बोत्स्वानानं २०१४मध्ये शिकारबंदी आणली, २०१९मध्ये उठवली. २०२४च्या एप्रिलमध्ये जर्मनी ट्रॉफी आयातीचे नियम कडक करायच्या विचारात होती, तर तेव्हाचे अध्यक्ष मसिसी भडकले. म्हणाले, तुम्हाला २० हजार हत्ती पाठवून देतो, राहा त्यांच्यासोबत! वर हेही सांगितलं, की हा विनोद नाही. हत्ती काही बर्लिनला पोचले नाहीत. मसिसी त्याच वर्षी निवडणूक हरले. बोत्स्वानाचे सुमारे १ लाख ३० हजार हत्ती मात्र तिथंच आहेत, आणि रात्री शेतात शिरायचे ते शिरतातच.