परकीय देणग्यांचा कायदा वकिलांच्या दारात

सप्टेंबर २०२० मध्ये संसदेचे पावसाळी अधिवेशन करोनाच्या सावटाखाली भरले होते. परकीय देणगी नियमन कायद्यात (एफसीआरए) दुरुस्ती सुचविणारे विधेयक २० तारखेला लोकसभेत मांडले गेले, दुसऱ्या दिवशी संमत झाले आणि २३ तारखेला, विरोधकांचा बहिष्कार सुरू असताना, राज्यसभेनेही त्यावर मोहोर उमटवली. मूळ २०१० चा कायदा मात्र २००६ साली विधेयकरूपाने आला होता, स्थायी समितीच्या छाननीतून गेला होता आणि चार वर्षांनी संमत झाला होता. स्वयंसेवी संस्थांवर टांगलेल्या तलवारीला बरीचशी धार लागली ती २०२० च्या त्या चार दिवसांत.

प्रशासकीय खर्चाची मर्यादा निम्म्यावरून २० टक्क्यांवर आली. एका संस्थेने परकीय निधी दुसरीकडे सोपविण्यास मनाई झाली, त्यामुळे महानगरातील मोठ्या संस्थेच्या आधाराने चालणारी खेड्यातली छोटी संस्था उघडी पडली. परकीय देणगी स्वीकारण्याचे खाते दिल्लीत संसद मार्गावरील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच हवे, असा दंडक आला. नोंदणी स्थगित ठेवण्याची १८० दिवसांची मुदत आणखी १८० दिवसांनी वाढविता येऊ लागली. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधारसक्तीपुरती सवलत देऊन या तरतुदी वैध ठरविल्या. परकीय देणगी स्वीकारणे हा निरपवाद हक्क नव्हे, ही न्यायालयाची भूमिका होती.

परकीय पैशावर देखरेख हवी, याविषयी कोणत्याही सरकारचे दुमत नव्हते. पहिला कायदा १९७६ चा, म्हणजे आणीबाणीतला. प्रश्न आहे तो बचावाचा. नियमांनुसार वकिलांचे व व्यावसायिक सल्ल्याचे शुल्क प्रशासकीय खर्चातच मोडते. म्हणजे ज्या संस्थेची नोंदणी धोक्यात, तिने परकीय निधीतून लढाईचा खर्च करायचा तर तोही त्याच २० टक्क्यांत बसवायचा! शिवाय कायद्याच्या भंगाला पाच वर्षांपर्यंत कैद आहे आणि गुन्हा संस्थेचा असला तरी कारभाराला जबाबदार व्यक्तीही दोषी धरता येते.

वकिलाची अडचण येथे सुरू होते. कायदेविषयक मदत देणाऱ्या संस्थांत वकील हाच अनेकदा विश्वस्तही असतो. ‘लॉयर्स कलेक्टिव्ह’ या संस्थेची नोंदणी गृह मंत्रालयाने २०१६ मध्ये रद्द केली. जून २०१९ मध्ये सीबीआयने गुन्हा नोंदविला आणि जुलैत ज्येष्ठ वकील इंदिरा जयसिंग व आनंद ग्रोव्हर यांच्या दिल्ली-मुंबईतील ठिकाणांवर छापे पडले. जयसिंग अतिरिक्त सॉलिसिटर जनरल असताना संस्थेकडून परकीय निधीतले मानधन घेत होत्या, हा आक्षेपाचा एक मुद्दा होता. दोघांनीही आरोप फेटाळले आणि मुंबई उच्च न्यायालयाने त्याच महिन्यात सक्तीच्या कारवाईपासून त्यांना संरक्षण दिले.

वकिलांना दिलासा देणारा निकाल ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी आला. सक्तवसुली संचालनालयाने अरविंद दातार व प्रताप वेणुगोपाल या ज्येष्ठ वकिलांना समन्स धाडल्यावरून गदारोळ झाला होता. (प्रकरण एका विमा कंपनीचे होते, संस्थांशी त्याचा संबंध नव्हता.) समन्स मागे घेतले गेले, तरी सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. अशिलाची माहिती काढण्यासाठी वकिलाला बोलावता येणार नाही. साक्ष अधिनियमातील अपवाद लागू असल्यासच, तेही वरिष्ठ अधिकाऱ्याच्या संमतीने, समन्स काढता येईल, असे त्याने ठरविले. परंतु हे कवच वकिलाच्या काळ्या कोटाला आहे, विश्वस्ताच्या सहीला नाही. संस्थेचा खटला लढविणारा सुरक्षित, आणि संस्था चालविणारा तोच वकील मात्र आरोपी होऊ शकतो.

हाच कायदा राजकीय पक्षांच्या वाट्याला आला तेव्हा काय झाले? वेदांत समूहाच्या कंपन्यांकडून देणग्या घेऊन काँग्रेस व भाजप या दोघांनीही १९७६ च्या कायद्याचा भंग केला, असा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०१४ मध्ये दिला. त्यानंतर २०१६ च्या वित्त कायद्याने परकीय स्रोताची व्याख्या सैल केली. पण ती २०१० च्या कायद्यापुरतीच होती, जुने व्यवहार तिच्या बाहेर राहात होते. ती फट २०१८ च्या वित्त विधेयकाने बुजविली आणि सवलत थेट ५ ऑगस्ट १९७६ पर्यंत मागे नेली. १४ मार्च २०१८ रोजी लोकसभेत ते विधेयक गोंधळात, चर्चेविना संमत झाले.