भीती घालायची तर नीट घाला!

मराठीत सदरा घालतात, टोपी घालतात आणि भीतीही घालतात. भाषेने इतकं स्वच्छ सांगूनसुद्धा आमच्या विद्वान मित्रमंडळींना ते पटत नाही. त्यांचं म्हणणं, "खरं भय हे मानसिक असतं. मुखवटे, झगे, सुऱ्या हा सगळा बालिश बाजार." हे वाक्य चष्मा काढून, पुसत पुसत म्हणायचं असतं. फिल्म सोसायटीची वर्गणी एकदा भरली, की ते आपोआप जमतं.

मी याच्या साफ विरुद्ध आहे. भयपटातल्या खलनायकाचं निम्मं काम शिंपी करतो, उरलेल्यातलं बरंचसं मुखवटेवाला करतो आणि नाव होतं दिग्दर्शकाचं. पुरावा काय, म्हणाल. भरपूर आहे.

१९३१ सालचा ‘ड्रॅक्युला’ घ्या. बेला लुगोसीचे सुळे आठवून लोक अजून शहारतात. वास्तविक त्या अख्ख्या चित्रपटात त्याचे सुळे एकदाही दिसत नाहीत! दिसतो तो काळा झगा, उभी कॉलर आणि मेजवानीला निघाल्यासारखा पोशाख. म्हणजे जग घाबरलं ते कापडाला. त्या उंच कॉलरीचा जन्मही रंगभूमीच्या सोयीतून झाला. नाटकात ड्रॅक्युलाला अदृश्य करायचं, तर पाठमोऱ्या नटाचं डोकं कॉलरीआड दडवायचं आणि त्याने झगा तसाच उभा ठेवून फळीतल्या दारातून खाली सटकायचं. लुगोसी १९५६ साली वारला, तेव्हा त्याला झग्यासकट पुरलं. नुसत्या मानसिक भयात गुंडाळून कुणाला पुरता येतं का, हे आमच्या मित्रांनी सांगावं.

त्याच वर्षी ‘फ्रँकेन्स्टाइन’ आला. जॅक पिअर्स या रंगभूषाकाराने बोरिस कार्लोफला सपाट कपाळ दिलं, हे सगळे सांगतात. पण त्याने कोटाच्या बाह्या मुद्दाम आखूड ठेवल्या, हे कोण सांगतो? त्यामुळे हात अमानुष लांब दिसू लागले. आमच्याकडे वाढत्या अंगाच्या पोरांच्या बाह्या अशाच असतात. तिथे त्याला काटकसर म्हणतात.

पण माझा हुकमी पुरावा म्हणजे १९७८ चा ‘हॅलोविन’. दिग्दर्शक जॉन कार्पेंटर. पैशांची ओढाताण इतकी, की खुन्यासाठी खास मुखवटा घडवणं परवडणारं नव्हतं. तेव्हा टॉमी ली वॉलेस हा त्यांचा कलादिग्दर्शक दुकानात गेला आणि जेमतेम दोन डॉलरचा तयार मुखवटा घेऊन आला. तो होता ‘स्टार ट्रेक’ मालिकेतल्या कॅप्टन कर्कचा, म्हणजे विल्यम शॅटनरचा. वॉलेसने त्याच्या भुवया आणि कल्ले उडवले, डोळ्यांची भोकं मोठी केली, केस बिघडवले आणि वरून पांढरा रंग फवारला. झालं! अंतराळातल्या त्या उमद्या नायकाचं असं काही भूत झालं, की ते माणसासारखं दिसतं खरं, पण त्याच्याकडून माणुसकीची एक सुटी नाणीसुद्धा मिळेल असं वाटत नाही.

आता यात घाबरण्यासारखं काय? अहो, आपण दिवसभर चेहरे वाचून तर जगतो. कंडक्टरच्या कपाळावरून कळतं, सुटे मागावेत की नाही. दार उघडणाऱ्या बायकोच्या भुवईवरून कळतं, आपण कोथिंबीर विसरलो. चिडलेला साहेब परवडतो; तो ओरडेल, पाणी पिईल आणि सही करील. पण जो साहेब रजेचा अर्ज हातात धरून आपल्याकडे नुसता बघत राहतो, त्याच्यासमोर घशाला कोरड पडते. मायकेल मायर्स हा असला साहेब आहे. फक्त त्याच्या हातात अर्जाऐवजी सुरी आहे.

श्रेयनामावलीत मुखवट्यातल्या निक कॅसलपुढे खुन्याचं नावसुद्धा नाही. नुसतं ‘द शेप’, म्हणजे ‘आकार’. शेवटी झटापटीत नायिका त्याचा मुखवटा ओढते आणि क्षणभर आतला चेहरा दिसतो. विशीतला, नाकीडोळी बरा, बँकेत चिकटवून द्यायला हरकत नाही असा पोरगा! आणि तो काय करतो? गळा दाबायचं महत्त्वाचं काम अर्धवट टाकून आधी मुखवटा नीट बसवतो. मानसिक भयवाल्यांनी चष्मा पुसून झाला, की हे दृश्य पुन्हा पाहावं. खुन्याला जे कळतं, ते समीक्षकाला का कळू नये?

अर्थात तोच मुखवटा खुंटीला टांगला, तर कुणी भिणार नाही, हे मान्य. कॅसल कसा सावकाश चालतो! आणि एका पोराला सुरीने भिंतीला खिळवल्यावर मान किंचित कलती करून बघत राहतो. तसबीर सरळ लागली की नाही, हे आपण बघतो तसा. चेहरा झाकला, की नटाला मानेने अभिनय करावा लागतो. आमच्या कित्येक नायकांना हा प्रयोग सुचवावासा वाटतो.

१९८४ साली वेस क्रेव्हनने फ्रेडी क्रूगर आणला. लाल आणि हिरवा हे रंग शेजारी शेजारी डोळ्यांना सर्वांत जड जातात, असं त्याने ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये वाचलं होतं, म्हणून फ्रेडीला त्याच रंगांच्या पट्ट्यांचा स्वेटर. आमच्याकडे हिरव्या खणाला लाल काठ शतकानुशतकं चालत आले आहेत आणि ते पाहून कुणी किंचाळत पळाल्याचं ऐकिवात नाही. पण क्रेव्हनला मावशी-आत्या ठाऊक नसाव्यात. मला तर तो स्वेटर भयानक वाटतो तो विणलेला आहे म्हणून. भाजलेल्या तोंडाच्या आणि बोटांना पाती लावलेल्या त्या इसमासाठी कुणीतरी दोन सुया घेऊन मायेने बसलं असेल, या कल्पनेनेच काटा येतो.

आमच्या हिंदी भुतांनी मात्र शिंप्याला कधी काम दिलं नाही. पांढरी साडी आणि मेणबत्ती, एवढ्यावर वर्षानुवर्षं भागवलं. बाकी जंगलात भटकूनही ती साडी इतकी शुभ्र कशी राहायची, हे मात्र खरोखर गूढ होतं. रामसे बंधूंनी ‘पुराना मंदिर’मध्ये (१९८४) धिप्पाड अनिरुद्ध अगरवालला सामरी केला, तेव्हा कुठे आपल्याकडे भुताच्या अंगकाठीचा विचार झाला.

आता माझी खरी तक्रार. हल्ली मुखवट्याच्या आत काय आहे, ते उघडून दाखवायची टूम निघाली आहे. २००७ साली रॉब झॉम्बीने ‘हॅलोविन’ नव्याने काढला आणि त्यात मायकेलचं बालपण सविस्तर सांगितलं. घरात शिवीगाळ, शाळेत छळ, सगळं यथासांग. तो पाहताना आमच्या घरात काय व्हावं? ही पदराने डोळे टिपत म्हणाली, "बिचाऱ्याला कुणी प्रेमाने जवळ घेतलंच नाही हो!" संपलं! ‘बिचारा’ म्हटल्यावर त्याला भ्यायचं कसं? त्याच्यासाठी स्थळ नाहीतर डॉक्टर बघायचा.

दुःखी बालपण दाखवायला सामाजिक चित्रपट आहेत, मराठी नाटक तर आहेच. भयपटाने ते काम अंगावर घेऊ नये. ज्याचं कारण कळत नाही त्याला माणूस भितो, आणि निर्माते तिकिटाचे पैसे घेऊन ती कारणंच पुरवत सुटले आहेत.

कुणाला अगदीच राहवत नसेल, तर त्याने बालपणावरचा खर्च शिंप्याकडे वळवावा. १९७४ च्या ‘द टेक्सस चेन सॉ मॅसेकर’मधला लेदरफेस माणसांच्या कातड्याचे मुखवटे लावतो आणि वर शिस्तीत टाय बांधतो. ते काम करणाऱ्या गनर हॅन्सनला टेक्ससच्या ऐन उन्हाळ्यात, जवळजवळ महिनाभर एकच शर्ट घालावा लागला. तो रंगवलेला होता आणि रंग जाईल म्हणून धुवायची सोय नव्हती. जेवणाच्या वेळी बाकीचे नट त्याच्यापासून लांब बसत. निदान त्याला दुसरा शर्ट तरी शिवता आला असता!