सशाची जागा

ससा म्हणजे भित्रा, असं वर्गात वर्षानुवर्षं सांगत आलो. गेल्या महिन्यात पिंजरा झाडताना नातीच्या चिमीने माझ्या बोटाला कडकडून चावा घेतला आणि तो धडा खोटा ठरला! "देऊन टाका कुणाला तरी," असं रागाने बोलून गेलो. नात दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

मग जरा नीट पाहू लागलो. चिमी हनुवटी घासत फिरते... पिंजऱ्याच्या दाराला, पलंगाच्या पायाला, माझ्या चपलेलासुद्धा. सशाच्या हनुवटीखाली गंधग्रंथी असतात. आपल्याला न येणारा वास लावून ती 'हे माझं' असं सांगते. आपण एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो, तसंच की! जागोजागी लेंड्या टाकणं हाही तोच रुमाल.

आपल्या माळावरचा ससा बीळ खणत नाही. पाळीव ससे मात्र युरोपातल्या, बिळात राहणाऱ्या सशांचे वंशज. घर राखणं त्यांच्या रक्तातच आहे. वयात आल्यावर ते वाढतं, नसबंदीने बरंच कमी होतं.

आता चिमी अंगणात गेली, की मगच मी पिंजऱ्यात हात घालतो. चावणं थांबलं.

माझं मत विचाराल तर, चावऱ्याला शिक्षा करण्याआधी त्याची जागा कुठली ते पाहावं. बाकावर खडूची रेघ ओढून भांडणाऱ्या पोरांना मी छड्या दिल्या. घरी त्यांना स्वतःचा एखादा कोपरा तरी होता का, हे मात्र कधी विचारलं नाही.