सुखी बाई मालिकेला परवडत नाही

संध्याकाळचे सात वाजले, देवापाशी दिवा लावून झाला, कुकर गॅसवर चढला, की आपल्यातल्या बहुतेकींचा हात रिमोटकडे जातो. 'जरा वेळ बघते' म्हणता म्हणता दहा वाजतात. घरातली पुरुषमंडळी 'काय त्या रडक्या मालिका बघता' असा टोमणा मारतात आणि जेवताना स्वतःच डोळे लावून बसतात!

तर मैत्रिणींनो, आज या मालिकांबद्दल थोडं बोलू या. नावं ठेवायला नव्हे हं. दिवसभर राबल्यावर दोन घटका करमणूक हवीशी वाटली, तर त्यात चूक काय? पण भाजी घेताना आपण जुडी उलटून बघतो, साडी घेताना पदर उलगडून बघतो. मग रोज विकत घेतलेली ही वस्तू कुठे बनते, कशी बनते, हे नको का बघायला?

निमित्त आहे तुलसीचं. 'क्योंकि सास भी कभी बहू थी' ही मालिका ३ जुलै २००० ला स्टार प्लसवर सुरू झाली आणि नोव्हेंबर २००८ मध्ये संपली. २९ जुलै २०२५ ला स्मृती इराणींची तुलसी त्याच वाहिनीवर परत आली. मधल्या पंचवीस वर्षांत आपल्या मुली शिकल्या, कमावत्या झाल्या, महाराष्ट्रातल्या पंचायतींत निम्म्या जागा बायकांच्या झाल्या. मग टीव्हीवरच्या बाईचं काय झालं?

आपल्या मराठीतच बघा. १५ ऑगस्ट १९९९ ला अल्फा मराठी सुरू झाली, तीच आजची झी मराठी. तिच्यावरची 'आभाळमाया' आठवते ना? सुकन्या कुलकर्णींनी रंगवलेली सुधा जोशी कॉलेजात शिकवणारी होती. नवरा दुसरीकडे गुंतला, तरी ती पायावर उभी होती. वीस वर्षांनी, डिसेंबर २०१९ मध्ये, स्टार प्रवाहवर 'आई कुठे काय करते' आली. तिथेही नवऱ्याचं दुसरीकडे प्रेम. पण ही अरुंधती पंचवीस वर्षं स्वयंपाकघरातच अडकलेली. तिला शून्यातून सुरुवात करावी लागली. घटस्फोट घेऊन ती उभी राहिली, तेव्हा गावोगावच्या बायकांनी डोळे पुसले. कारण आपल्याकडे अजून सुधापेक्षा अरुंधतीच जास्त आहेत, हे खरंच आहे.

पण एक गोष्ट लक्षात आली का? अरुंधती एका संकटातून सावरली, की दुसरं तयार. असं करत ती मालिका नोव्हेंबर २०२४ पर्यंत चालली. 'चार दिवस सासूचे' तर २००१ पासून २०१३ पर्यंत, तीन हजारांहून जास्त भाग! लेखकांना कल्पना सुचत नाहीत म्हणून असं होतं का? नाही हो. यामागे साधा हिशेब आहे. रोज वीस-बावीस मिनिटांचा भाग भरायचा, तर रोज काहीतरी बिघडायला हवं. बाई सुखी झाली की गोष्ट संपली. सुखी बाई मालिकेला परवडत नाही!

हा हिशेब मांडला जातो टीआरपीवर. देशभरातल्या काही हजार घरांत टीव्हीला मीटर जोडलेला असतो. त्या घरांत काय बघितलं, त्यावरून दर आठवड्याला आकडा निघतो. आकडा घसरला की नायिकेला अपघात होतो, नाहीतर सवत येते. आकडा चढला की कथा रबरासारखी ताणली जाते. आणखी एक गंमत ऐका. खेड्यातली घरं या मोजणीत नीट आली ती ऑक्टोबर २०१५ मध्ये. पुढच्याच वर्षी मराठीत कोकणातल्या वाड्यातली 'रात्रीस खेळ चाले' आणि कोल्हापूरच्या पैलवानाची 'तुझ्यात जीव रंगला' आली. योगायोग म्हणा हवं तर. पण मोजलं जातं, ते दिसतं.

आता थोडं पडद्यामागे डोकावू. आपण बघतो त्यातल्या बहुतेक मालिका मुंबईच्या उपनगरांत बनतात. गोरेगावच्या चित्रनगरीत, अंधेरीच्या स्टुडिओंत, मढच्या बंगल्यांत. पडद्यावर तो भरल्या घराचा दिवाणखाना. प्रत्यक्षात पत्र्याच्या शेडमध्ये प्लायवूडच्या भिंती. शिफ्ट बारा तासांची. नालासोपाऱ्याहून किंवा बदलापूरहून येणाऱ्या हेअर ड्रेसरला लोकलचे तास वेगळे धरायचे. आपल्याला पडद्यावर त्यागाचे धडे देणारी मालिका उभी राहते ती अशा कितीतरी जणींच्या कष्टांवर. त्यांच्या घरी रात्रीचं जेवण कोण वाढत असेल?

नोव्हेंबर २००८ मध्ये या कामगारांनी पगार आणि कामाचे तास यांसाठी संप केला, तेव्हा आठवडाभराहून जास्त काळ नवे भाग बंद पडले. वाहिन्यांवर जुनेच भाग लागले. आपल्यातल्या किती जणींना तेव्हा ठाऊक होतं, की भाग का लागत नाहीत ते?

आणि ही गोष्ट तर कुठल्याच मालिकेत येत नाही. मुंबईतल्या मेकअप करणाऱ्यांच्या संघटनेत बायकांना मेकअप आर्टिस्ट म्हणून कार्डच मिळत नसे. केस बांधायचे ते बाईने, चेहरा रंगवायचा तो पुरुषाने, असा पन्नासहून जास्त वर्षांचा दंडक. बायकांसाठी बनणाऱ्या मालिकेत बाईच्या कपाळावर कुंकू रेखायचं काम बाईला बंद! चारू खुराना आणि इतर काही जणी सुप्रीम कोर्टात गेल्या आणि १० नोव्हेंबर २०१४ ला कोर्टाने हा नियम रद्द केला. खरी नायिका शोधायची तर ती इथे आहे. तिने तीन हजार भाग रडून काढले नाहीत, ती कोर्टात गेली.

मग आपण काय करायचं? टीव्ही फोडायचा का? मुळीच नाही. चांगलंही याच वाहिन्यांनी दिलं आहे. रमाबाई रानड्यांवरची 'उंच माझा झोका' २०१२ मध्ये आली आणि वर्ष-सव्वा वर्षात गोष्ट सांगून निरोप घेऊन गेली. २०१९ च्या 'अग्गंबाई सासूबाई'त सुनेने सासूचं लग्न लावून दिलं. तो विषय कित्येक घरांत पहिल्यांदा बोलला गेला. म्हणजे जमतं. फक्त मागणारं कुणीतरी हवं.

आणि मागायचा हक्क आपल्याला आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये 'ट्राय'चा नवा नियम लागू झाला, तेव्हापासून पैशांची प्रत्येक वाहिनी सुटी निवडता येते. प्रत्येकीची किंमत जाहीर करावी लागते. तरी आपल्यातल्या बहुतेक जणी केबलवाला देईल तो पॅक घेतात आणि महिन्याला मुकाट्याने पैसे भरतात. यंदा रिचार्ज करायच्या आधी यादी मागा. घरात कोण काय बघतं, ते लिहून काढा. न बघितलेल्या वाहिन्या काढल्या तर काय वाचतं, त्याचा हिशेब करा. पॅक कधी स्वस्त पडतो, कधी नाही. पण हिशेब आपण केलेला असू द्या.

दुसरं म्हणजे, कथा भरकटली की बघणं सोडा. 'सवय झाली' म्हणून बघत राहिलं, तर तिकडे त्याचा अर्थ 'आवडलं' असाच धरला जातो. आपल्या घरी मीटर नसेल, पण मालिकेचा विषय हळदीकुंकवात निघतो, भिशीत निघतो. 'हिला अजून किती रडवणार?' असं चार जणी मोठ्याने म्हणाल्या, तर पाचवीही विचार करते.

सासूबाईंच्या शेजारी नात बसून हेच बघत असते, हेही विसरू नका. बाईने सोसलं की ती चांगली आणि ठणकावून बोलली की ती खलनायिका, असं ती रोज सात ते दहा शिकते. मध्येच टीव्हीचा आवाज कमी करून तिला एकदा विचारा, "तू असतीस तर काय केलं असतंस गं?"

तिचं उत्तर ऐका. एखादे वेळी तो भाग मालिकेपेक्षा चांगला निघेल.